उसना हात

गेल्या हिवाळ्यात एका रात्री आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आमच्या उर्दू शाळेतून दहावी झालेली, पुढे विज्ञान शाखा घेऊन, नीट परीक्षेला दोनदा बसून बी.डी.एस.ला प्रवेश मिळवलेली ही मुलगी. तिच्या मोहल्ल्यात डॉक्टर होणारी पहिलीच. परभणी जिल्ह्याबाहेरच्या एका दंत महाविद्यालयात तिचे चार वर्षांचे शिक्षण संपले होते आणि आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे वर्ष चालू होते.

"सर, एक मसला पूछना था," ती म्हणाली.

मसला असा होता. इंटर्नला प्रत्येक विभागात ठरावीक कामे करून ती वहीत नोंदवावी लागतात आणि प्रत्येक नोंदीखाली शिक्षकांची सही लागते. हिचे पूर्ण कवळीचे एक काम कमी पडत होते. सत्तरी ओलांडलेले एक बाबा, तोंडात एकही दात नाही, एस.टी.ने तीन वेळा येऊन गेले होते. पहिल्या खेपेला हिरड्यांचे माप, दुसऱ्या खेपेला बारीक माप, तिसऱ्या खेपेला वरचा जबडा खालच्या जबड्यावर कसा टेकतो याचे माप. आता मेणात बसवलेले दात तोंडात लावून पाहायचे आणि मग पक्की कवळी द्यायची, एवढेच राहिले होते. पण चौथ्या तारखेला बाबा आले नाहीत. पाचव्यालाही नाहीत. इकडे विभाग बदलण्याचा दिवस जवळ आला. शिक्षक म्हणाले, वही आण, सही करून टाकतो. नोंद होणार होती : काम पूर्ण, कवळी दिली.

"लूँ कि न लूँ, सर?"

आम्ही तेव्हा जेवायला बसलो होतो. फारसा विचार न करता म्हणालो, "ले लो बेटा, सब लेते हैं." तिने "जी सर" म्हणून फोन ठेवला. आम्ही भाकरीचा पुढचा घास घेतला, आणि तो चावताना त्या बाबांची आठवण आली. कुठल्याशा गावात एक म्हातारा माणूस भाकरी दुधात कुस्करून खात बसला असेल आणि महाविद्यालयाच्या वहीत त्याच्या तोंडात बत्तीशी बसलेली असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

हा लेख त्या रात्रीच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

आमचे उत्तर इतक्या झटकन का आले, याचा शोध आधी स्वतःतच घेतला पाहिजे. आम्ही बी.एड. केले तेव्हा तो एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. (2015 पासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात शाळेतल्या आंतरवासितेचे आठवडेही वाढले.) शिक्षक होण्यासाठी ठरावीक सराव पाठ घ्यावे लागत. वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक बसत आणि पाठ संपला की वहीत शेरा लिहून सही करत. आमची ती वही अजून कपाटात आहे. फोन आला त्या रात्री ती काढून पाहिली. तीत काही पाठ असे आहेत की जे आम्ही कधी घेतलेच नाहीत. वर्ष संपत आले होते, शाळांच्या परीक्षा तोंडावर होत्या, वर्ग मिळत नव्हते. टाचण लिहिले, निरीक्षकांनी सही केली, काम भागले. त्या पाठांखालचे शेरेसुद्धा चांगले आहेत. 'फलकलेखन सुबक' असे एका न घेतलेल्या पाठाखाली लिहिलेले आहे.

ज्याच्या स्वतःच्या वहीत अशी पाने आहेत, तो दुसऱ्याला "सब लेते हैं" याखेरीज काय सांगणार?

पण त्याच वहीत अगदी पहिला पाठही आहे. एका सरकारी शाळेत पाचवीच्या वर्गावर आम्ही अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि घाबरून छेदांचीही बेरीज करून मोकळे झालो. मुलांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले. निरीक्षक सरांनी आम्हाला वर्गात टोकले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते स्वतः त्या वर्गात गेले, आम्हाला मागच्या बाकावर बसवले आणि तोच भाग पुन्हा शिकवला. मुलांना एवढेच म्हणाले, "काल आमच्याकडून एक चूक झाली." आमच्याकडून, असे म्हणाले. नंतर बाहेर व्हरांड्यात आम्हाला सांगितले, "तुला शिकायचे आहे म्हणून त्या पोरांनी अडाणी राहायचे का?"

देखरेखीचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे असे आम्हाला वाटते. शिकणाऱ्याच्या पाठीशी उस्ताद उभा असतो तो शिकणाऱ्याला धीर द्यावा म्हणून, हे खरेच. पण त्याहून आधी तो उभा असतो ज्याच्यावर शिकले जाते त्याचे रक्षण करण्यासाठी.

दातांच्या डॉक्टरांचे हे वर्ष कायद्याने ठरवून दिलेले आहे. बी.डी.एस.ची चार वर्षे अभ्यासाची, त्यानंतर एक वर्ष पाळीपाळीने प्रत्येक विभागात काम करण्याचे : दात काढणे, दातात भरणे, हिरड्यांचे आजार, लहान मुलांचे दात, वेडेवाकडे दात सरळ करणे, कवळ्या, तोंडाच्या रोगांचे निदान आणि काही काळ गावोगावची शिबिरे. हे वर्ष पुरे केल्याशिवाय राज्य दंत परिषदेकडे कायमची नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय स्वतःची पाटी लावता येत नाही. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने ही नोंदणीची चौकट देशभर आणली. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्यात पदवीच्या टोकाला देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. परीक्षा जरूर व्हावी. पण जिवंत माणसाच्या जबड्यात सुई कुठे टोचायची, हे उत्तरपत्रिकेवर शिकता येत नाही. ते कोणाच्या तरी तोंडातच शिकावे लागते.

आता खरा प्रश्न. कोणाच्या तोंडात?

आमच्या लहानपणी परभणीकडच्या माणसाला दातांच्या मोठ्या दुखण्यासाठी औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, सरकारी दंत महाविद्यालय ऐकून माहीत असे. ते 1982 मध्ये सुरू झाले. आता मराठवाड्यात अनेक ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत. परभणीतही पाथरी रस्त्यावर सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे. ही सोय लहान नाही. पण अशा कोणत्याही महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी कोण बसलेले असते ते पाहावे. शेतमजूर, ऊसतोडीहून परतलेले जोडपे, मशेरी लावणारी आजी, हमाल, रिक्षावाले, आमच्या मोहल्ल्यातल्या शिलाई करणाऱ्या बाया. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तिथे दिसत नाहीत. खरे सांगायचे तर आम्हीही तिथे जात नाही. आमची दाढ दुखली तेव्हा आम्ही खासगी दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टरांचा सफाईदार हात पाहून खूश झालो. तो हात इतका सफाईदार कोणाच्या तोंडात झाला, हे मात्र विचारले नाही.

महाविद्यालयात पैसे कमी लागतात, म्हणून गरीब तिथे जातो. आपण म्हणतो, त्याला सवलत मिळाली. हा शब्द तपासून पाहायला हवा. तो तीन-तीन तास थांबतो. एका खेपेचे काम त्याच्यासाठी चार खेपांचे होते. नवख्या हाताचा जास्तीचा त्रास तो सोसतो. जास्तीची जोखीम उचलतो. या सगळ्याच्या बदल्यात त्याला पैसे कमी पडतात. मग ही सवलत कशी? हा तर मोबदला झाला, आणि तोही थोडकाच. देणारा तो आहे आणि घेणारे आपण. ज्या समाजाला उद्या चांगले डॉक्टर हवे आहेत तो सगळा समाज त्या बाकावर बसलेल्या माणसाकडून उसने घेत असतो.

यावर कोणी म्हणेल, मग शिकणेच थांबवायचे का? नाही. शिकणे थांबले तर दहा वर्षांनी त्याच शेतमजुराची दाढ काढायला कोणी उरणार नाही. नवख्या हाताला पहिला रुग्ण लागणारच. ही गोष्ट टळत नाही, म्हणूनच ती कोणत्या अटींवर व्हावी हे ठरवावे लागते.

या अटींचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. अबू दाऊद, नसाई आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. तिचा आशय असा, की ज्याची वैद्यकातली जाणकारी कोणाला ठाऊक नाही त्याने उपचार केला आणि नुकसान झाले, तर भरपाई त्याच्यावर. इब्न कय्यिम यांच्यासारख्या आलिमांनी यावर सविस्तर चर्चा केली आहे. त्यातून दोन कसोट्या ठळकपणे पुढे येतात. उपचार करणाऱ्याकडे महारत, म्हणजे कौशल्य, आहे का? आणि रुग्णाची इजाजत आहे का? दोन्ही असून, कामात हयगय न करताही अपाय झाला, तर वैद्याला दोषी धरत नाहीत.

मग इंटर्नचे काय? त्याला आम्ही या कसोट्यांवर आमच्या अल्पमतीने लावून पाहिले. पुस्तकी ज्ञान त्याच्याकडे आहे, पण हाताची महारत अजून आलेली नाही. तरीही त्याने केलेला उपचार आपण योग्य मानतो. का? कारण त्याच्या शेजारी महारत असलेला माणूस उभा आहे. इंटर्नचा हात उसना असतो. उस्तादाची नजर त्यावर आहे तोवरच तो डॉक्टरचा हात. उस्ताद चहाला गेला की ते उसने कौशल्यही त्याच्याबरोबर खोलीबाहेर गेले. मागे राहतो एक घाबरलेला विद्यार्थी आणि तोंड उघडून बसलेला एक माणूस.

म्हणून वहीतली सही ही हजेरी नाही. "माझे कौशल्य मी या हाताला दिले होते आणि हे काम माझ्या नजरेखाली झाले," अशी ती शहादत आहे. न पाहता सही करणे ही खोटी साक्ष होते. इतर ठिकाणी आपण खोट्या साक्षीला किती मोठा गुन्हा मानतो, हे वाचकांना सांगायला नको.

बगदादचा एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. इ.स. 931 मध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याचे खलिफा अल-मुक्तदिरच्या कानावर गेले. त्याने हुकूम काढला की सिनान इब्न साबित यांनी तपासल्याशिवाय शहरात कोणी वैद्यकी करायची नाही. आठशे साठांहून अधिक वैद्य तपासले गेले, असे जुने चरित्रकार सांगतात. त्यांत एक रुबाबदार म्हातारा आला. सिनान यांनी त्याला मानाने बसवले आणि काही ज्ञानाचे ऐकवा म्हणाले. म्हाताऱ्याने पुढ्यात दिनारांची थैली ठेवली आणि कबूल केले, मला नीट लिहिता-वाचता येत नाही, घरात खाणारी तोंडे आहेत, माझी रोजी तोडू नका. सिनान हसले. त्यांनी परवानगी दिली, पण अट घातली : जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, साध्या आजारांपलीकडे जायचे नाही. म्हातारा म्हणाला, मी आयुष्यभर सिकंजबीन आणि गुलाबाच्या सरबतापलीकडे गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कोणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचे ते म्हातारे. सिनान म्हणाले, मग तूही त्यांच्याच वाटेने जा, पुढे जाऊ नकोस.

या गोष्टीवर आम्ही वर्गात मुलांबरोबर हसतो. पण त्या म्हाताऱ्याच्या एका गुणाचा हेवा वाटतो. आपल्याला काय येत नाही हे त्याला पक्के माहीत होते आणि विचारल्यावर त्याने ते लपवले नाही. कुर्तुब्याजवळ होऊन गेलेल्या अल-जहरावी यांनी हजार वर्षांपूर्वी 'अत-तसरीफ' या ग्रंथात दात काढण्याबद्दल लिहिताना हाच इशारा दिला आहे. वेदनेने रुग्णाचीही फसगत होते, तो भलत्याच दाताकडे बोट दाखवतो, म्हणून दुखरा दात कोणता याची पुरती खात्री करा. आणि दात वाचवण्याचे सगळे उपाय थकल्यावरच तो काढा. अडाणी न्हाव्यांच्या घाईवर त्यांनी कडक शब्दांत टीका केली आहे.

आपल्या भागात तर घाईची किंमत दातापुरती राहत नाही. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो खाणारे आपल्या आजूबाजूला किती आहेत हे आपण जाणतोच. अशा माणसाचे तोंड हळूहळू कमी उघडू लागते, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात. तो येतो दाढेसाठी. नवखा डॉक्टर दाढेकडे पाहतो, कारण त्याचे सगळे लक्ष आपल्या हातातल्या चिमट्यावर असते. शेजारी उभा असलेला अनुभवी माणूस गालाकडे पाहतो. कर्करोग वेळेवर सापडणे न सापडणे अशा एका नजरेवर अवलंबून असू शकते.

अटी मग कोणत्या? आम्हाला तीन दिसतात.

पहिली, रुग्णाला खरे सांगणे. "मी अजून शिकते आहे, मॅडम माझ्या शेजारी आहेत, तुम्हाला नको असेल तर तसे सांगा." शिक्षक म्हणतात, असे सांगितले तर कोणी तोंड उघडणार नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. गरीब माणसाला शिकणाऱ्याचे कौतुक असते. त्याच्याही घरात कोणीतरी शिकत असते. त्याला राग येतो तो गृहीत धरल्याचा.

दुसरी, उस्तादाची हजेरी. शिक्षक कमी, रुग्ण जास्त, कागदपत्रांचा ढीग, हे सारे खरे आहे. शाळेत आम्हीही तेच भोगतो. पण त्याचा उपाय कामे कमी करणे हा असू शकतो, न झालेली कामे झाली म्हणणे हा नाही. इंग्लंडमध्ये नव्या दंतवैद्याची नोंदणी पदवी मिळताच होते, तरीही तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत स्वतंत्र काम करण्यापूर्वी एक वर्ष अनुभवी दंतवैद्याच्या दवाखान्यात, त्याच्या देखरेखीखाली, पगारावर काढावे लागते. 1993 पासून हे तिथल्या पदवीधरांना सक्तीचे झाले. ही व्यवस्था निर्दोष असेलच असे नाही. पण तिथे नवखा हात नेहमीच्या वस्तीतल्या नेहमीच्या दवाखान्यात शिकतो आणि त्याचा भार थोडाफार वाटला जातो. आपल्याकडे तो जवळजवळ सगळा एकाच थरावर पडतो.

तिसरी अट फेडीची. उसने घेतलेले परत करायचे असते. आपल्या देशात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण ज्यांनी रुजवले ते डॉ. रफिउद्दीन अहमद ढाक्याकडचे. अलिगढला शिकले, अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून 1915 मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली. नंतर बोस्टनच्या फोर्सिथ दवाखान्यात काम केले. शहरातल्या मुलांना जवळजवळ फुकट उपचार मिळावेत म्हणून ती संस्था निघाली होती. म्हणजे त्यांचाही हात परक्या मुलुखातल्या गरिबांच्या पोरांच्या तोंडात पक्का झाला असणार. ते परत आले आणि 1920 मध्ये कलकत्त्यात त्यांनी देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. खर्च भागवायला आइस्क्रीम-सोड्याचे दुकान चालवले. 1949 मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. त्यांचा जन्मदिवस, 24 डिसेंबर, आज आपल्याकडे दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. प्रत्येकाने महाविद्यालय काढावे असे कोण म्हणेल? पण आठवड्यातली एक सकाळ, एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांचे दात तपासणे, वस्तीतल्या एखाद्या आजीची कवळी, एवढे तर होऊ शकते. त्याला कृपा करून खिदमत किंवा दानधर्म म्हणू नये. दान आपल्या मर्जीने देतात. हे कर्ज आहे, आणि कर्ज फेडल्याबद्दल कोणी सत्काराची शाल मागत नाही.

आणि ही अट एकट्या डॉक्टरांसाठी नाही. आम्ही ज्या पोरांवर अपूर्णांक शिकवायला शिकलो, त्यांचेही आमच्याकडे येणे आहे.

चार दिवसांनी आम्ही त्या मुलीला फोन केला. म्हणालो, परवा आम्ही चुकीचे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, सर, सही तर मी घेतली. तुम्ही म्हणालात म्हणून.

या "तुम्ही म्हणालात म्हणून" वर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या पानावर दिसत नसली तरी आमचीही एक सही आहे. तिला आमच्या वहीतली ती पाने सांगितली, पहिल्या पाठाची गोष्टही सांगितली. मग विचारले, बाबांचा मोबाइल नंबर असेल ना? केसपेपरवर होता. विभागातून कोणी लावलाच नव्हता, तिनेही नाही.

तिने लावला. सुनेने उचलला. बाबा मधे आजारी होते, आणि तीन खेपा होऊनही हातात काही मिळाले नाही तेव्हा त्यांना वाटले, आपले काम होण्यासारखे नसेल, डॉक्टरांनी संकोचाने सांगितले नसेल. आता बरे आहेत. येतील म्हणाले.

ती शिक्षकांकडे गेली आणि ती नोंद खोडून घेतली. सर रागावले का, हे आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. विभाग बदलला असला तरी दुपारनंतर येऊन काम पुरे करायची परवानगी तिला मिळाली, आणि मेणातले दात लावून पाहताना समोर उभे राहायला एक मॅडम तयार झाल्या. फक्त एक अडचण आहे, ती म्हणाली. मधल्या आजारपणात बाबा बरेच वाळले असतील आणि हिरड्या बदलल्या असतील, तर सगळी मापे पुन्हा घ्यावी लागतील.

"तर पुन्हा घे," आम्ही म्हणालो. "आणि यायच्या-जायच्या एस.टी.चे भाडे त्यांना आमच्याकडून दे."

"नाही सर," ती म्हणाली. "ते माझ्याकडे लागतं."